स्पोर्ट्स कार घेताना स्टँडर्ड सस्पेन्शन निवडावे की स्पोर्ट?

स्पोर्ट्स कारची ऑर्डर देताना रंग, चाके आणि आसने यांवर दिवसेंदिवस विचार होतो आणि सस्पेन्शनचा पर्याय मात्र यादीतील एका चौकटीत खूण करून मिनिटभरात उरकला जातो. गाडी हातात आल्यावर हा क्रम उलटतो. रंग डोळ्यांना सरावतो. सस्पेन्शन मात्र प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक वळणावर आणि तळघरातील पार्किंगच्या प्रत्येक उतारावर जाणवत राहते, आणि कारखान्यातून जे बसवून आले ते नंतर बदलणे हा खर्चाचा आणि कटकटीचा व्याप असतो. नवी गाडी ऑर्डर करताना आणि पुढे वापरलेली गाडी शोधताना ही निवड मी स्वतः केली आहे. त्यासाठी लागणारी माहिती ठिकठिकाणी विखुरलेली असते. ती येथे कामाच्या क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. स्पोर्ट सस्पेन्शन ही स्टँडर्डची वरची श्रेणी आहे असे समजू नये. दोन्ही संच त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी वेगवेगळ्या रस्त्यांसाठी जुळवलेले असतात. म्हणून ही निवड आपल्याला गाडी किती वेगात चालवायला आवडते यावरून करण्यापेक्षा, ती ज्या रस्त्यांवर खरोखर चालणार आहे त्यांच्या पृष्ठभागावरून करावी.

१. यादीतील नावामागे नेमके कोणते भाग बदलतात ते शोधा

‘स्पोर्ट सस्पेन्शन’ या शब्दांना ठरावीक अर्थ नाही. एखाद्या कंपनीत त्याचा अर्थ फक्त किंचित आखूड आणि कडक स्प्रिंग इतकाच असतो, तर दुसरीकडे स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, पुढचे व मागचे अँटी-रोल बार आणि बंप स्टॉप असा सगळा संच बदललेला असतो. या चार भागांची कामे वेगवेगळी आहेत आणि ती समजली की माहितीपत्रक वाचणे सोपे होते. स्प्रिंग गाडीचे वजन पेलते आणि चाक किती वर-खाली जाईल हे ठरवते. शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला पुढे मी डॅम्पर म्हणणार आहे, तो स्प्रिंगची हालचाल आवरतो, म्हणजे गाडी एका उंचवट्यानंतर पुन्हा पुन्हा उसळत राहत नाही. अँटी-रोल बार वळणावर गाडीचे एका बाजूला कलणे कमी करतो. बंप स्टॉप हा स्प्रिंगचा प्रवास संपत आला की शेवटचा धक्का झेलणारा रबरासारखा किंवा फोमचा ठोकळा असतो.

काही उदाहरणांवरून फरक किती असू शकतो याचा अंदाज येईल. अल्पिनने २०१९ मध्ये ए११० एस आणली तेव्हा मूळ ए११० च्या तुलनेत तिच्या स्प्रिंग ५० टक्क्यांनी कडक केल्या, अँटी-रोल बार दुप्पट कडक केले आणि उंची ४ मिलिमीटरने कमी केली. उंचीतील फरक नखाएवढा, पण स्वभाव संपूर्ण बदललेला. पोर्शेच्या ९११ च्या ९९२ पिढीत पीएएसएम (पोर्शेची इलेक्ट्रॉनिक डॅम्पर यंत्रणा) स्पोर्ट सस्पेन्शन घेतले की गाडी सुमारे १० मिलिमीटर खाली येते. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या आठव्या पिढीत साध्या संचाला एफई१ म्हणतात. झेड५१ पॅकेज घेतले की एफई३ आणि त्यातच चुंबकीय डॅम्पर (त्यांविषयी पायरी ७ मध्ये) घेतले की एफई४ येते. येथे हेही लक्षात घ्यावे की झेड५१ मध्ये मोठे ब्रेक, जास्त पकडीचे टायर आणि वाढीव कूलिंग हेही एकत्र येतात. म्हणजे सस्पेन्शन नको असले तरी ब्रेक हवे म्हणून पॅकेज घ्यावे लागते किंवा याच्या उलट घडते. लोटस एमिरा व्ही६ मध्ये ‘टूर’ आणि ‘स्पोर्ट’ असे दोन संच मिळतात, पण तिचे डॅम्पर इलेक्ट्रॉनिक नसल्याने ऑर्डर देताना जो निर्णय घेतला तोच पुढे राहतो.

विक्रेत्याला म्हणून पुढील चार प्रश्न लेखी विचारावेत: स्प्रिंग बदलतात का, डॅम्पर बदलतात का, अँटी-रोल बार बदलतात का, आणि उंची किती मिलिमीटरने कमी होते? ‘गाडी जास्त स्पोर्टी होते’ हे या प्रश्नांचे उत्तर नव्हे, आणि तेवढ्यावर समाधान मानू नये.

२. कडकपणामुळे काय मिळते आणि काय मिळत नाही

सर्वाधिक गैरसमज येथे आहेत, म्हणून या पायरीवर थोडे रेंगाळणे योग्य ठरेल.

पहिला गैरसमज असा की कडक सस्पेन्शनमुळे वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो. तसे होत नाही. एकूण किती भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाईल हे गाडीचे वस्तुमान, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधील रुंदी आणि वळणाचा जोर यांवर ठरते. उदाहरणादाखल १,४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ४८ सेंटिमीटर उंचीवर आणि चाकांमधील अंतर १५८ सेंटिमीटर धरले, तर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, जोराच्या वळणावर सुमारे ४२५ किलो भार बाहेर जातो. गाडी १० मिलिमीटर खाली आणली की हा आकडा सुमारे ४१६ होतो, म्हणजे फरक दोन टक्क्यांचा. स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार कितीही कडक केले तरी ते गाडीचे कलणे कमी करतात आणि तोच भार पुढच्या व मागच्या आसांमध्ये कसा वाटला जाईल हे बदलतात. त्या भारातून सुटका करून देत नाहीत.

मग कडकपणाचा उपयोग काय? उपयोग खरा आहे आणि तो तीन ठिकाणी दिसतो. गाडी कमी कलली की टायर रस्त्यावर अधिक सपाट बसून राहतो, विशेषतः ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे (ज्यात डॅम्परच चाकाला वरून धरून ठेवतो) त्यांच्यात. दुसरे, स्टिअरिंग वळवल्यापासून गाडी पूर्ण वळणात स्थिरावेपर्यंतचा वेळ कमी होतो, त्यामुळे एकामागून एक येणाऱ्या डाव्या-उजव्या वळणांवर गाडी लगेच दिशा बदलते. तिसरे, जोरात ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाणे आणि वेग वाढवताना मागचा भाग बसणे कमी होते. गुळगुळीत रस्त्यावर हे तिन्ही फायदे अगदी पहिल्या काही वळणांत जाणवतात आणि ते मनापासून आनंद देतात.

खडबडीत रस्त्यावर चित्र पालटते. टायरची पकड त्याच्यावर किती भार आहे यावर अवलंबून असते, आणि चाक उंचवट्यांवरून उड्या मारू लागले की तो भार क्षणाक्षणाला कमी-जास्त होतो. अशा वेळी मऊ स्प्रिंग आणि नीट जुळवलेला डॅम्पर चाकाला रस्त्याचा आकार अनुसरू देतो. कडक संच मात्र सगळी गाडीच उचलतो. म्हणजे वळणाच्या मध्येच रस्ता फुटलेला असेल तर स्टँडर्ड सस्पेन्शनची गाडी केवळ आरामदायक असते असे नाही, तर ती जास्त पकड ठेवते आणि म्हणून वेगवानही असते. फेरारीसारख्या कंपनीने २००७ च्या ४३० स्कुडेरियामध्ये बाकी सर्व सेटिंग शर्यतीची ठेवून फक्त डॅम्पर मऊ करणारे वेगळे बटण दिले, त्यामागे हाच विचार होता.

आता शरीराला काय जाणवते ते पाहू. एका चाकावर ३०० किलो भार आणि चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा ३० न्यूटन प्रति मिलिमीटर असेल तर गाडी सेकंदाला साधारण १.६ वेळा वर-खाली होते. स्प्रिंग ५० टक्क्यांनी कडक केली की हा आकडा साधारण १.९५ होतो. स्पोर्ट्स कारसाठी दोन्ही आकडे सहन होण्यासारखे आहेत. खरा त्रास याहून जलद कंपनांचा असतो: उभ्या दिशेच्या कंपनांत माणसाचे शरीर सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यातील कंपनांना सर्वांत संवेदनशील असते, आणि बारीक खडबडीतपणा, पॅचवर्क आणि सांधे यांचे जे हादरे पाठीला बसतात त्यांत स्प्रिंगइतकाच डॅम्परचा, सस्पेन्शनच्या जोडांतील रबरी बुशांचा आणि टायरच्या भिंतीचा हात असतो. चांगल्या डॅम्परची कडक गाडी दिवसभर चालवता येते, आणि सुमार डॅम्परची मऊ गाडीही थकवते. निवड करताना ‘किती कडक’ यापेक्षा ‘हादरा एकदाच लागून संपतो की रेंगाळतो’ याकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

३. आपल्या रस्त्यांची नोंद करा

दोन आठवडे, सध्या जी गाडी आहे ती चालवतानाच, एक साधी वही ठेवावी. त्यात रोजचा मार्ग, अंतर, पृष्ठभाग आणि सरासरी वेग एवढेच लिहावे. आपण स्पोर्ट्स कार म्हटले की डोळ्यांसमोर वर्षातून क्वचित भेटणारा घाटरस्ता आणतो, आणि वहीत मात्र गतिरोधक, खोदून बुजवलेले चर, पुलांचे सांधे आणि वाहतुकीच्या कोंडीत घालवलेला वेळ भरलेला निघतो. दोन्ही खरे आहेत, पण गाडीचा बहुतांश काळ कोठे जाणार हे वहीच सांगते.

नोंद वाचताना सरासरी रस्त्याचा विचार करू नये. आठवड्यातून निदान एकदा ज्या सर्वांत खराब रस्त्यावरून जावेच लागते तो निर्णायक धरावा. तो रस्ता स्पोर्ट सस्पेन्शनवर नकोसा वाटला तर गाडी घरी ठेवून दुसरी गाडी काढण्याकडे कल होऊ लागतो, आणि जी स्पोर्ट्स कार उभीच राहते तिचे वळणावरचे गुण कोणाच्याच उपयोगाचे नसतात. उलट, दुसरी गाडी घरात आहेच, रोजची ने-आण तिच्यावर होते आणि स्पोर्ट्स कार फक्त निवडलेल्या चांगल्या रस्त्यांवर निघते, अशी परिस्थिती असेल तर स्पोर्टच्या बाजूचे पारडे आपोआप जड होते.

शेजारच्या आसनावर नेहमी कोण बसणार याचीही नोंद करावी. चालकाला वळण आणि खड्डा आधी दिसतो, त्याचे शरीर तयार असते आणि हातात धरायला स्टिअरिंग असते. शेजारच्याला यांपैकी काहीच नसते.

४. उतार आणि गतिरोधक प्रत्यक्ष मोजा

१० किंवा २० मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. गाडीच्या पुढच्या ओठाची, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेची, जमिनीपासून उंची ११५ मिलिमीटर आणि टायर जमिनीला टेकतो तेथपासून ओठापर्यंतचे अंतर ९०० मिलिमीटर धरले, तर ती गाडी अंदाजे ७.३ अंशांचा अचानक सुरू होणारा चढ न घासता चढू शकते. उंची २० मिलिमीटरने कमी झाली की हाच कोन ६ अंशांवर येतो. पार्किंगच्या अनेक रॅम्पचा निर्णय या सव्वा अंशात होतो.

मोबाइलमधील कोनमापक वापरून घरचा आणि कार्यालयाचा रॅम्प मोजावा. फोन सरळ लाकडी पट्टीवर ठेवून मोजल्यास आकडा जास्त भरवशाचा येतो. रॅम्प जेथे सुरू होतो तेथील मोड आणि जेथे संपतो तेथील कंगोरा वेगवेगळे तपासावेत, कारण पहिल्या ठिकाणी पुढचा बंपर लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी गाडीचे पोट. गाडीच्या तांत्रिक माहितीत दिलेला ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा आहे की माणसांसह, हेही विचारावे. पुढचा आस उचलणारी लिफ्ट यंत्रणा मिळत असेल तर ती रॅम्पसाठी उत्तम आहे. मात्र ती फक्त कमी वेगात काम करते आणि बहुधा फक्त पुढचाच भाग उचलते, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध आलेल्या उंच गतिरोधकावर पोट घासण्याचा प्रश्न तिने पुरता सुटत नाही.

५. चाकांचा आकार सस्पेन्शनच्या आधी ठरवा

हा क्रम महत्त्वाचा आहे. २३५/४५ आर १८ या टायरची (रुंदी २३५ मिलिमीटर, भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम १८ इंच) भिंत सुमारे १०६ मिलिमीटर उंच असते, २३५/४० आर १९ ची ९४ आणि २३५/३५ आर २० ची ८२. तिन्हींचा एकूण व्यास जवळजवळ सारखाच आहे. कमी होते ती रस्ता आणि रिम यांच्यामधली हवेची उशी. मोठी चाके बहुधा जडही असतात, आणि स्प्रिंगच्या खालचे वजन वाढले की डॅम्परचे काम अवघड होते. माझ्या अनुभवात लहान चाकांवरचे स्पोर्ट सस्पेन्शन मोठ्या चाकांवरच्या स्टँडर्डपेक्षा शहरात अधिक सुसह्य वाटू शकते. म्हणून मोठी चाके दिसायला हवीतच असा आग्रह असेल तर सस्पेन्शन स्टँडर्ड ठेवण्याचा गंभीरपणे विचार करावा.

रनफ्लॅट टायरच्या, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरच्या, भिंती कडक असतात, त्यामुळे त्यांची भर या हिशेबात वेगळी धरावी. पातळ गादीची बकेट आसनेही तसेच करतात.

६. टेस्ट ड्राइव्हची तयारी करा

दोन्ही सस्पेन्शनच्या गाड्या चालवल्याशिवाय सही करू नये. विक्रेत्याकडे एकच असेल तर दुसरी कोठे उपलब्ध आहे ते त्यालाच शोधायला सांगावे आणि दोन्हींच्या चाकांचा आकार सारखा असावा अशी अट घालावी. अन्यथा आपण टायरची तुलना करतो आणि निष्कर्ष सस्पेन्शनविषयी काढतो. सोबत पुढील वस्तू न्याव्यात:

- टायरमधील हवा मोजण्याचा स्वतःचा गेज
- मोजपट्टी आणि कोनमापक असलेला फोन
- रस्त्यांची वही
- गाडीच्या ऑप्शनची छापील यादी, म्हणजे आपण नेमका कोणता संच चालवत आहोत याची खात्री होईल
- नेहमी शेजारी बसणारी व्यक्ती

हवा टायर थंड असताना तपासावी. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की दाब साधारण ०.१ बारने वाढतो, आणि प्रदर्शनातल्या गाडीत मुळातच जास्त हवा भरलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. जास्त हवेने उत्तम सस्पेन्शनसुद्धा कडक वाटते.

मार्ग आपला असावा, विक्रेत्याचा नव्हे. पहिला टप्पा २० ते ३० किलोमीटर वेगाने फुटक्या रस्त्यावर. कडक डॅम्परचा त्रास कमी वेगातच सर्वांत जास्त जाणवतो, आणि तो टप्पा बहुतेक टेस्ट ड्राइव्हमधून वगळला जातो. दुसरा टप्पा महामार्गाच्या वेगाने पुलाच्या सांध्यांवरून: प्रत्येक सांध्याला एकच ठोका लागून गाडी शांत होते की नाही हे पाहावे. तिसरा टप्पा असे वळण, ज्याच्या मध्ये उंचवटा आहे. तेथे गाडी बाजूला सरकते का, स्टिअरिंग हातात झटका देते का, हे सुरक्षित वेगातच कळते. चौथा टप्पा म्हणजे रस्त्याचा लांब लहरी भाग. स्टँडर्ड सस्पेन्शनची कमतरता असेल तर ती येथे उघड होते: गाडी तरंगत राहते आणि खाली आल्यावर स्थिर व्हायला वेळ घेते. हे तरंगणे ज्यांना बेचैन करते त्यांनी स्पोर्ट घ्यावे, मग शहरात थोडे सोसावे लागले तरी चालेल.

प्रत्येक गाडीत निदान अर्धा तास घालवावा. पहिल्या दहा मिनिटांत कडक गाडी तल्लख वाटते आणि मऊ गाडी सुस्त. त्यानंतरचे मत जास्त खरे असते. दोन्ही फेऱ्या झाल्यावर शेजारच्या व्यक्तीला आपले मत न सांगता आधी तिचे विचारावे.

७. ॲडॅप्टिव्ह डॅम्पर असतील तर हिशेब बदलतो

पुष्कळ गाड्यांत बटण दाबून डॅम्परचा कडकपणा बदलता येतो. काहींत विजेवर चालणारे व्हॉल्व्ह असतात, तर काहींत लोहकण मिसळलेले तेल असते आणि चुंबकीय क्षेत्राने त्याचा घट्टपणा बदलतो. ही दुसरी पद्धत मालिकेने बनणाऱ्या गाड्यांत प्रथम २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये आली आणि लगेच कॉर्व्हेटमध्येही.

येथील सापळा असा आहे की स्टँडर्ड गाडीत ‘स्पोर्ट’ बटण दाबले म्हणजे स्पोर्ट सस्पेन्शन मिळाले, असे अनेकांना वाटते. बटण फक्त डॅम्पर बदलते. पोलादी स्प्रिंग, अँटी-रोल बार आणि उंची जशीच्या तशी राहते. मऊ स्प्रिंगवर डॅम्पर फार कडक केला तर लहान हादरे थेट आत येतात आणि कलणे मात्र फारसे कमी होत नाही. याच कारणाने स्पोर्ट सस्पेन्शनच्या गाडीत ‘कम्फर्ट’ बटण असले तरी तिची स्प्रिंग मऊ होत नाही.

असे असूनही, ज्यांचे रस्ते मिश्र आहेत त्यांना मी स्टँडर्ड उंचीच्या स्प्रिंगसह ॲडॅप्टिव्ह डॅम्पर हा पर्याय सर्वांत आधी तपासायला सांगेन. साधे डॅम्पर असलेले स्पोर्ट सस्पेन्शन घेताना मात्र टेस्ट ड्राइव्ह दुप्पट काळजीने करावी, कारण तेथे माघार घ्यायला बटण नसते.

८. ट्रॅकवर जाण्याचा बेत असेल तर

वर्षातून एखाद्या वेळी ट्रॅकवर जाणार असाल तर केवळ त्यासाठी स्पोर्ट सस्पेन्शन घेऊ नये. सुरुवातीच्या काळात चांगले ब्रेक पॅड, उष्णता सोसणारे ब्रेक फ्लुइड, योग्य टायर आणि प्रशिक्षकासोबतचा वेळ यांनी जास्त फरक पडतो. मऊ गाडी भाराचे स्थलांतर ठळकपणे दाखवते आणि त्यामुळे शिकायलाही बरी पडते. नियमित जाणार असाल तर स्पोर्ट घ्यावे, आणि त्याचे मुख्य कारण टायर आहे: कमी कलणाऱ्या गाडीत टायरच्या बाहेरच्या कडेची झीज आटोक्यात राहते.

९. ऑर्डर, कागदपत्रे आणि डिलिव्हरी

पुढील कागद एकत्र ठेवावेत: ऑप्शन कोडसह ऑर्डरची प्रत, विक्रेत्याची चार प्रश्नांची लेखी उत्तरे, उंची व ग्राउंड क्लिअरन्स दाखवणारे तांत्रिक पत्रक, वॉरंटीच्या अटी आणि कारखान्याने मान्य केलेल्या चाकांच्या आकारांची यादी. ऑर्डरची अंतिम प्रत आली की त्यातील प्रत्येक कोड वाचावा. काही पॅकेजेसमध्ये स्पोर्ट सस्पेन्शन आपोआप जोडले जाते, तर काही बाजारपेठांत ते एखाद्या मॉडेलवर सक्तीचे असते.

वापरलेली गाडी घेताना नुसते पाहून किंवा विक्रेत्याच्या बोलण्यावरून ठरवू नये. चासी क्रमांकावरून मूळ बांधणीची यादी मिळवावी. पोर्शेमध्ये, उदाहरणार्थ, ०३० हा कोड अनेक वर्षे स्पोर्ट सस्पेन्शनसाठी वापरला गेला आहे. त्यानंतर प्रत्यक्षात तेच भाग बसलेले आहेत का ते लिफ्टवर चढवून पाहावे. डॅम्परवर तेलाचा ओलावा, फाटलेले धूळरोधक रबर, चुरा झालेले बंप स्टॉप आणि भेगा पडलेले बुश ही झिजल्याची लक्षणे आहेत. झिजलेल्या स्टँडर्ड संचावरून ‘स्टँडर्ड फार मऊ असते’ असा ग्रह करून घेणे अन्यायाचे होईल.

डिलिव्हरीच्या वेळी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. वाहतुकीसाठी काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवतात आणि टायरमध्ये जास्त हवा भरतात. हे ठोकळे काढले का आणि हवा माहितीपत्रकाप्रमाणे आणली का, याची तपासणी-पत्रकावर नोंद मागावी. ठोकळे राहून गेले तर गाडी असह्य कडक लागते आणि दोष निष्कारण सस्पेन्शनच्या निवडीला दिला जातो. नव्या डॅम्परच्या सीलमध्ये सुरुवातीला घर्षण जास्त असते, म्हणून अंतिम मत बनवण्याआधी गाडी काही काळ वापरू द्यावी.

१०. नंतर बदलायचे झालेच तर

स्टँडर्डवरून कडक संचाकडे जाणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यासाठी सुटे संच सहज मिळतात. स्पोर्टवरून स्टँडर्डकडे येताना स्प्रिंग, डॅम्पर, अँटी-रोल बार आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर तिचे कोडिंग असे सगळे बदलावे लागते. दोन्ही पर्याय चालवूनही मन डळमळत असेल तर हा फरक स्टँडर्डच्या बाजूने मोजावा.

फक्त आखूड स्प्रिंग बसवून मूळ डॅम्पर तसेच ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत मोहात पाडणारा मार्ग आहे. त्यात डॅम्पर त्याच्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर काम करतो, स्प्रिंगचा प्रवास आखडतो आणि गाडी वारंवार बंप स्टॉपवर आदळते. दिसायला ती खाली बसलेली असते, पण वळणावर मूळ गाडीपेक्षा वाईट वागते. संच घ्यायचा तर डॅम्पर आणि स्प्रिंग एकमेकांसाठी जुळवलेलाच घ्यावा आणि भाग नेहमी एका आसावर जोडीने बदलावेत.

काम करणाऱ्या कारागिराला सांगावे की रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना अंतिम घट्ट करू नयेत. चाकांवर गाडीचे वजन आल्यावर, म्हणजे तिच्या चालण्याच्या उंचीवर ते घट्ट केले, तर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकत नाहीत आणि लवकर फाटत नाहीत. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून टो (चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत) आणि कॅम्बर (ती उभ्या रेषेतून किती कललेली आहेत) यांचे आधीचे व नंतरचे आकडे असलेला छापील कागद घ्यावा. हेडलाइटची पातळी तपासून घ्यावी, आणि समोर कॅमेरा असलेल्या गाडीत उंची बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन लागते का हे कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे. उंची किंवा सस्पेन्शन बदलल्याची माहिती विमा कंपनीला लेखी कळवावी, वॉरंटीवर होणारा परिणाम काम सुरू करण्यापूर्वी लेखी घ्यावा, आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावेत. गाडी विकताना अनेक खरेदीदार त्यांची विचारणा करतात.